जुन्या नाट्यगृहात नाटक पाहायचं तर: दिव्यांग प्रेक्षकांसाठी तयारी, तिकिटापासून परतीपर्यंत

"आमच्याकडे दिव्यांगांसाठी सोय आहे." जुन्या नाट्यगृहाच्या तिकीटबारीवर फोन केला की हे वाक्य बहुधा ऐकू येतं. ते खोटं असतं असं नाही. पण तेवढ्यावर तिकीट काढू नका. ती सोय म्हणजे दारातला एक रॅम्प असू शकतो, आणि प्रेक्षागृहाच्या तोंडाशी पुन्हा दोन पायऱ्या असू शकतात. किंवा रुंद दाराचं स्वच्छतागृह असतं, पण ते तळघरात असतं. नव्या इमारतीत एक सोय असली की बाकीच्या साधारणपणे असतात, कारण सगळं एकाच नकाशात आखलेलं असतं. शंभर-दीडशे वर्षांच्या इमारतीत प्रत्येक सोय वेगवेगळ्या काळात, जिथे जागा सापडली तिथे बसवलेली असते. दोन सोयींच्या मधली वाट मात्र कुणी तपासलेली असेलच असं नाही.

म्हणून विचारायचं ते वाटेबद्दल: रस्त्यापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंत, आणि आग लागली तर खुर्चीपासून बाहेर मोकळ्या जागेपर्यंत. आणि उत्तर शक्यतो आकड्यांत मागायचं. हा लेख पहिल्यांदाच अशा नाट्यगृहात जाणाऱ्यांसाठी आहे: व्हीलचेअर वापरणारे, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे, गर्दी-गोंगाटाचा त्रास होणारे, आणि त्यांच्यासोबत जाणारे घरचे लोक.

आधी इमारत ओळखा

जुनं नाट्यगृह असं का बांधलं गेलं हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुचतात. तिकीट काढून कुणीही आत यावं असं पहिलं ऑपेरागृह, सान कास्सियानो, व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडलं. त्याच्या आसपासच्या काळात रुजलेली रचना पुढे दोन-अडीचशे वर्षं टिकली: मध्ये सपाट किंवा किंचित उतरती जमीन, आणि तिच्याभोवती घोड्याच्या नालेसारखे एकावर एक मजले. हे मजले समाजाच्या उतरंडीप्रमाणे वाटलेले असत. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांना अनेक ठिकाणी दरवाजाही वेगळा आणि जिनाही वेगळा. त्यामुळे वरच्या बाल्कनीचा जिना मुख्य दालनाला जोडलेलाच नाही, असं आजही आढळतं. लिफ्ट बसवली तरी ती मुख्य दालनातून एका मजल्यापर्यंत जाते आणि सर्वांत वरच्या बाल्कनीला पोहोचतच नाही.

दुसरी गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना हमखास चकवते. आपण धरून चालतो की पुढच्या रांगा तळमजल्यावर, म्हणून सोप्या. लंडनच्या वेस्ट एंडमधल्या अनेक जुन्या नाट्यगृहांत नेमकं उलटं आहे. इमारतीची उंची फार वाढू नये म्हणून प्रेक्षागृह जमिनीत खोल नेलेलं आहे. रस्त्यावरून सरळ आत शिरलं की आपण पहिल्या बाल्कनीच्या पातळीला असतो आणि रंगमंचासमोरच्या खुर्च्यांसाठी जिना उतरावा लागतो. अशा ठिकाणी पायऱ्या नसलेली जागा बाल्कनीच्या मागच्या भागात मिळते. म्हणून 'तळमजला' हा शब्द फोनवर वापरूच नका. "रस्त्याच्या पातळीला कुठल्या खुर्च्या आहेत?" असं विचारा.

तिसरा प्रकार जर्मनीतल्या बायरॉइट इथल्या १८७६ सालच्या नाट्यगृहाचा. पंख्यासारखा एकच मोठा उतार, आणि खुर्च्यांच्या रांगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. मधून जायला वाटच नाही. या धाटणीच्या सभागृहात मधली जागा मिळाली की दहा-पंधरा माणसांचे गुडघे ओलांडत जावं लागतं. काठी वापरणाऱ्याला, पाय न वाकणाऱ्याला किंवा मध्येच उठावं लागेल अशा माणसाला ती जागा कितीही चांगली दिसली तरी उपयोगाची नाही.

टप्पा पहिला: आपली मापं कागदावर

हे काम घरीच करा, एकदाच करा आणि कागद जपून ठेवा. व्हीलचेअर असेल तर सर्वांत रुंद भागाची रुंदी मोजा. हा भाग बहुतेक वेळा चाकांच्या बाहेरच्या कड्यांचा असतो आणि तिथे बोटांसाठी दोन्हीकडे थोडी जागा जास्त धरावी लागते. मग पायटेकणीसकट लांबी, आणि माणसासकट एकूण वजन. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्यांचं एकट्याचंच वजन शंभर किलोंच्या वर जाऊ शकतं आणि जुन्या इमारतीत नंतर बसवलेल्या छोट्या उचल-फळीची क्षमता मर्यादित असते. हा आकडा माहीत नसेल तर दारात पोहोचून परत फिरण्याची वेळ येते.

चालणाऱ्यांनीही मापं काढावीत. कठडा धरून सलग किती पायऱ्या चढता येतात? कठडा उजव्या हाताला लागतो की डाव्या? किती उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं? गुडघा पूर्ण वाकत नसेल तर पुढे किती जागा लागते? जुन्या खुर्च्या अरुंद असतात आणि दोन रांगांमधली जागा आजच्यापेक्षा कमी असते. त्यामुळे ज्यांची दिव्यांगता वरवर दिसत नाही, त्यांना अशा नाट्यगृहात सर्वांत जास्त त्रास खुर्चीत बसल्यावरच होतो.

रॅम्पचा हिशोबही इथेच समजून घ्या. जगभरात बहुतेक नियमावल्या १:१२ हा उतार धरतात: एक सेंटिमीटर चढण्यासाठी बारा सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटरचा रॅम्प लागतो. अशा तीन पायऱ्यांना साडेपाच मीटरच्या आसपास. तेव्हा "तीन पायऱ्या आहेत, पण आम्ही फळी लावतो" असं कुणी म्हणालं तर फळी किती लांबीची, हे विचारा. दोन मीटरची फळी तीन पायऱ्यांवर टाकली तर ती घसरगुंडी होते. मागून ढकलणारा कितीही दणकट असला तरी त्यावरून जाऊ नये.

टप्पा दुसरा: तिकिटाआधीचा फोन

संकेतस्थळावर खुर्च्यांचा नकाशा पाहून थेट तिकीट काढण्याचा मोह आवरा. व्हीलचेअरच्या जागा, सोबत्याच्या जागा आणि कडेच्या काही खुर्च्या बहुतेक नाट्यगृहं वेगळ्या राखून ठेवतात आणि त्या फोनवर किंवा ईमेलवरच मिळतात. सोबत्याचं तिकीट अनेक ठिकाणी फुकट किंवा सवलतीत असतं. तेही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

फोनवर बोलणाऱ्याला वाट चालायला लावा, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. "मी गाडीतून उतरलो. आता सांगा, पुढे काय?" इथपासून सुरुवात करा. मग गाडी उभी राहते तिथून दारापर्यंत फरसबंदी कशी आहे, पहिली पायरी कुठे येते, दार जड आहे का, ते आतून कोण उघडतं, आतला गालिचा जाड आहे का (जाड गालिच्यावर चाकं रुततात), लिफ्टच्या दाराची रुंदी किती, लिफ्टमधून उतरल्यावर वळायला जागा आहे का. व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर बहुतेक खुर्च्या निभावून जातात. इथे 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा. चौकट नव्वदची असली तरी दार पूर्ण उघडत नसेल, किंवा जुन्या दुहेरी दारांची एकच फळी उघडत असेल, तर हातात पंचेचाळीसच उरतात.

बऱ्याच जुन्या नाट्यगृहांत पायऱ्या नसलेली एकच वाट असते: नेपथ्याचं सामान आत नेण्याचा दरवाजा, किंवा बाजूच्या गल्लीतलं दार. मोठमोठे देखावे चाकांवर आत न्यायचे असल्यामुळे तिथे जमीन सपाट ठेवलेली असते. त्या दाराने जायला कमीपणा मानू नका. मात्र तीन गोष्टी पक्क्या करा. तिथे बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशी घंटा आहे का? कुणी आलं नाही तर फोन कुणाला करायचा? आणि प्रयोग संपल्यावर तेच दार उघडं मिळेल ना? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. प्रयोगानंतर तंत्रज्ञ सामान उतरवायला लागतात आणि ती वाट अडते.

इमारतीचे प्रश्न आणि प्रयोगाचे प्रश्न वेगळे ठेवा. रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह यांची उत्तरं नाट्यगृहाकडे असतात. झगमगते दिवे, धूर, बंदुकीचे आवाज, सांकेतिक भाषेतला प्रयोग, अक्षरपट्टी (संवाद लिहून दाखवणारा पडदा) हे नाट्यसंस्थेला विचारावं लागतं. काही वेळा नेपथ्य एवढं मोठं असतं की रंगमंच पुढे वाढवून पहिल्या दोन रांगा काढतात, आणि व्हीलचेअरच्या जागा नेमक्या तिथेच असतात. म्हणून "मागच्या महिन्यात आलो तेव्हा होती" याला अर्थ नाही. त्या प्रयोगापुरतं विचारा.

सगळं ठरलं की दोन ओळींचं ईमेल पाठवा: आपण कोण, कुठला प्रयोग, काय ठरलं, कुणाशी बोललो. दारावरचा माणूस बदलतो. लेखी असलं की वाद होत नाही.

टप्पा तिसरा: खुर्ची निवडणं

व्हीलचेअरमध्येच बसून पाहायचं की नाट्यगृहाच्या खुर्चीत सरकायचं, हा पहिला निर्णय. सरकायचं असेल तर त्या खुर्चीचा हात वर उचलता येतो का, ते विचारा. घट्ट बसवलेल्या लाकडी हातावरून सरकणं अवघड आणि कातडीला धोक्याचं. शिवाय आपली व्हीलचेअर कुठे ठेवणार? "वर दालनात ठेवतो" म्हणाले तर मध्यंतरात ती परत कोण आणणार आणि किती वेळात, हे ठरवून घ्या. आपली गादी मात्र स्वतःजवळच ठेवा.

व्हीलचेअरमध्ये बसूनच पाहायचं असेल तर नजरेची रेषा तपासा. बाल्कनीच्या पहिल्या रांगेपुढचा पितळी कठडा नेमका डोळ्यांच्या उंचीवर येतो. लोखंडी खांब हा जुन्या नाट्यगृहांचा आणखी एक त्रास. बाल्कनी तोलून धरायला ते प्रेक्षकांच्या मधोमध उभे केलेले असतात. त्या जागेवरून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो मागा. मागणं अजिबात वावगं नाही आणि आपुलकीने चालवलेली नाट्यगृहं तो पाठवतात. पुढच्या रांगेतले लोक टाळ्यांसाठी उभे राहिले की काय दिसेल, हेही मनात धरा.

सोबत्याची जागा शेजारी आहे की मागे, हे स्पष्ट विचारा. अमेरिकेच्या १९९० सालच्या दिव्यांग कायद्याखालच्या मानकांत प्रत्येक व्हीलचेअरच्या जागेला लागून सोबत्याची खुर्ची असावी, असं बंधन आहे. ३०१ ते ५०० खुर्च्यांच्या सभागृहात व्हीलचेअरच्या किमान सहा जागा हव्यात, असाही त्यातला आकडा आहे. इतर देशांत नियम वेगळे असतील, पण शेजारी बसण्याची मागणी वाजवी आहे हे सांगायला हा दाखला पुरतो. नाटक दोघांनी मिळून पाहायला आलोय. एकाने पुढे आणि दुसऱ्याने तीन रांगा मागे बसण्यात काय अर्थ?

पाय अधू असलेल्या, पण चालणाऱ्या प्रेक्षकांनी वरची बाल्कनी टाळलेली बरी. तिथला चढ तीव्र असतो, पायऱ्यांची उंची सारखी नसते आणि रांगांच्या मधल्या पायऱ्यांना धरायला बऱ्याचदा काही नसतं. चक्कर येण्याचा त्रास असेल तर खाली पाहताच तोल जाईल अशी ती उंची असते.

ऐकणं

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट घरूनच तपासून निघावी: आपल्या यंत्रात टेलिकॉइल आहे का आणि 'टी' हा पर्याय ऑडिओलॉजिस्टने सुरू करून दिलाय का. नाट्यगृहात इंडक्शन लूप म्हणजे जमिनीतून किंवा भिंतीतून फिरवलेली एक तार असते. तिच्यातून ध्वनीचा विद्युतप्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि टेलिकॉइल ते पकडते. त्यामुळे खोकला, कागदांची खसखस वगळून नटाचा आवाज थेट कानात येतो. पण हे क्षेत्र तारेच्या वेटोळ्यापुरतंच असतं. लूप फक्त खालच्या खुर्च्यांना असेल तर बाल्कनीत काहीच मिळत नाही, आणि इमारतीतल्या लोखंडामुळे काही जागी आवाज क्षीण होतो. म्हणून "लूप आहे का?" यापुढे जाऊन "लूप कुठल्या रांगांमध्ये नीट चालतो?" असा प्रश्न हवा. नवी छोटी श्रवणयंत्रं पुष्कळदा टेलिकॉइलशिवाय येतात, हेही लक्षात असू द्या.

दुसरा प्रकार इन्फ्रारेडचा. त्यात रंगमंचाजवळच्या दिव्यांतून अदृश्य प्रकाशावर आवाज येतो आणि तो हेडफोनमध्ये किंवा गळ्यातल्या लूपमध्ये ऐकता येतो. प्रकाशच असल्यामुळे खांब किंवा बाल्कनीची कड मध्ये आली की तो तुटतो. कुठलंही यंत्र न वापरता बसणार असाल तर बाल्कनीच्या छपराखाली खूप मागे बसू नका. तिथे आवाज दबतो, आणि कमी ऐकू येणाऱ्याला पहिला फटका व्यंजनांचा बसतो. शब्द कळेनासे होतात.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा अक्षरपट्टी असलेला प्रयोग एका ठरावीक दिवशी असतो. दुभाषी बहुधा रंगमंचाच्या एका बाजूला उभा राहतो. त्याची बाजू विचारताना "प्रेक्षकांच्या डावीकडे की नटांच्या डावीकडे?" असं विचारा. रंगभूमीवरचे लोक डावं-उजवं नटाच्या बाजूने मोजतात आणि तिकीटबारी प्रेक्षकाच्या बाजूने. एवढ्या गफलतीने माणूस चुकीच्या टोकाला बसतो आणि संपूर्ण प्रयोगभर मान वळवत राहतो. दुभाष्याच्या फार जवळही बसू नका. दुभाषी आणि नट दोघं एकाच नजरेत मावतील इतकं मागे बसा.

पाहणं

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन ही नाट्यगृहातली मोठी देणगी आहे. तिची सुरुवात १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजमध्ये झाली. संवादांच्या मधल्या शांततेत एक निवेदक हालचाल, वेश, नजरा, प्रकाश यांचं थोडक्यात वर्णन करतो आणि ते हेडफोनमध्ये ऐकू येतं. प्रयोगाआधी काही मिनिटं नेपथ्याची आणि पात्रांची ओळख करून देणारं निवेदन असतं. ते चुकवू नका, नाहीतर पहिला अर्धा तास कोण कुठे हे जुळवण्यात जातो. काही ठिकाणी पडदा उघडण्याच्या तास-दीड तास आधी टच टूर असते. रंगमंचावर जाऊन खुर्ची, तलवार, शालू हातांनी पाहायचे, नटांचे आवाज ऐकायचे. जुन्या नाट्यगृहात हिचं मोल दुप्पट आहे. अनेक जुन्या रंगमंचांची जमीन प्रेक्षकांकडे उतरती असते. तो उतार पायांना कळतो आणि नटांच्या चालीचा आवाज तसा का येतो हे मग नीट उमगतं. वेळ असेल तर खांबांवरचं नक्षीकाम, गिलाव्यातली फुलंही हाताला लावून बघायची परवानगी मागा.

हेडफोन एक कानाचा मागा. दुसरा कान सभागृहासाठी मोकळा हवा. प्रेक्षकांचा हशा आणि शांतताही नाटकाचाच भाग आहेत.

अंधुक दिसणाऱ्यांना सर्वांत मोठा धोका पायऱ्यांचा. नक्षीदार गालिच्याने मढवलेल्या जिन्यात पायरीची कड दिसतच नाही. सगळा जिना एकसंध उतार वाटतो. शिवाय झगझगीत दालनातून काळोख्या प्रेक्षागृहात शिरलं की डोळ्यांना सावरायला काही मिनिटं लागतात. दिवे मालवण्याच्या बऱ्याच आधी जाऊन बसणं हाच उपाय. मार्गदर्शक कुत्रा सोबत असेल तर कडेची, पुढे थोडी जागा असलेली खुर्ची मागा, आणि प्रयोगात स्फोट किंवा गोळीबार आहे का ते कळवायला सांगा. काही नाट्यगृहांत कर्मचारी प्रयोगभर कुत्र्याला सांभाळतात.

गोंगाट, झगमगाट, अस्वस्थता

स्वमग्न मुलं-माणसं, स्मृतिभ्रंश असलेले वडीलधारे, टूरेट (नकळत हालचाली किंवा आवाज होण्याचा त्रास) असलेले प्रेक्षक यांच्यासाठी 'रिलॅक्स्ड' प्रयोग होतात. त्यात सभागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, कर्कश आवाज कमी करतात, मध्येच उठून बाहेर जाण्यायेण्याला कुणी हरकत घेत नाही आणि टेकायला एक शांत खोली असते. पुष्कळदा आधी चित्रांसह माहितीही मिळते: दार कसं दिसतं, कोण भेटेल, कुठल्या क्षणी मोठा आवाज होईल. ती घरी दोन-तीनदा एकत्र वाचा. शांत खोली नेमकी कुठे आहे हे मात्र आल्याआल्या पाहून ठेवा. जागेच्या टंचाईमुळे ती दोन जिने वर असू शकते, आणि तेव्हा कडेच्या खुर्चीचा फायदा दारापाशीच संपतो.

प्रकाशामुळे फीट येण्याचा त्रास असेल तर स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने उघडझाप करणारा दिवा, कुठल्या प्रवेशात आहे हे नेमकं विचारून घ्या. अचानक तो सुरू झालाच तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाका आणि तोंड दुसरीकडे वळवा. दोन्ही डोळे नुसते मिटून भागत नाही. पापण्यांतूनही प्रकाश आत जातो.

टप्पा चौथा: प्रयोगाच्या दिवशी

पाऊण ते एक तास आधी पोहोचा. आल्यावर पहिलं काम स्वच्छतागृहाची वाट स्वतः करून पाहणं. आत खुर्चीच्या शेजारी सरकायला जागा आहे का, की तिथे बादल्या आणि झाडू ठेवलेत? मदतीसाठीची लाल दोरी जमिनीपर्यंत लोंबते आहे का? ती साफसफाईच्या वेळी गुंडाळून वर बांधली जाते आणि तशीच राहते. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचणार नाही. लगेच सोडवायला सांगा. मध्यंतर बहुधा पंधरा-वीस मिनिटांचं असतं. त्यात लिफ्ट एकच, रांग लांब, आणि आपल्याला वेळ जास्त लागतो. दारावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं तर मध्यंतराच्या दोन-तीन मिनिटं आधी बाहेर काढतात, किंवा पडदा पुन्हा उघडण्याआधी आपली वाट पाहतात. प्रवेशाच्या मध्यात परतावं लागलं तर कुठे थांबायचं हेही विचारून ठेवा.

औषधं, कॅथेटरचं सामान, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, चष्मा हे सामानघरात ठेवू नका. अंगावर किंवा मांडीवर असू द्या.

आग लागली तर

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात. मी म्हणेन, तोच सर्वांत आधी विचारा. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. नाट्यगृह नवंकोरं होतं. पण वाटा गर्दीने भरलेल्या होत्या आणि काही दारं कुलूपबंद होती. ढकलताच उघडणारी आडव्या दांडीची दारं आज दिसतात, त्यांचा आग्रह अमेरिकेत याच दुर्घटनेनंतर वाढला. म्हणूनच दोन रांगांमधल्या वाटेत व्हीलचेअर लावून बसू देत नाहीत. हा नियम आपल्याला खटकतो, पण तो पाळायलाच हवा. त्याऐवजी राखीव जागा वाढवा, ही मागणी रास्त आहे.

आगीच्या वेळी साधी लिफ्ट वापरायची नसते. मग वर बसलेल्या व्हीलचेअरच्या प्रेक्षकाला खाली कसं आणणार? उत्तर असं असायला हवं: जिन्याजवळ आगीपासून काही काळ सुरक्षित अशी थांबण्याची जागा आहे, तिथे बोलण्याचं साधन आहे, जिन्यावरून सरकत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर आहे, आणि ती चालवायला शिकलेला माणूस आज कामावर आहे. यातला शेवटचा भाग खास विचारा. ती खुर्ची भिंतीवर टांगलेली सगळ्यांना दिसते. ती उघडायची कशी हे ठाऊक असलेली माणसं थोडी. आपली स्वतःची व्हीलचेअर अशा वेळी मागे राहील, हे मनाशी धरा आणि आपल्याला उचलताना कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही हे आधीच सांगून ठेवा. ऐकू येत नसेल तर धोक्याची घंटा कळणार कशी, दिवा चमकतो का, कुणी येऊन खांद्याला हात लावणार का, ते ठरवा.

"अग्निशमनाच्या नियमामुळे व्हीलचेअरच्या दोनच जागा" असं उत्तर आलं तर ते बहुधा याच गणितावरून आलेलं असतं: बाहेर काढायला माणसं किती, त्यावर जागा किती. माणसं शिकवली आणि दारं नीट केली तर हा आकडा बदलू शकतो.

टप्पा पाचवा: परत आल्यावर लिहा

"वारसा इमारत आहे, हात लावता येत नाही" हे उत्तर तुम्हाला कधी ना कधी मिळेल. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम ३० इथे उपयोगी पडतं. त्यात सांस्कृतिक जागांमध्ये प्रवेशाचा हक्क सांगताना नाट्यगृह, संग्रहालय, चित्रपटगृह यांची नावं घेतली आहेत, आणि 'शक्य तितका' ही सूट राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपुरती ठेवली आहे. जिथे आजही तिकीट विकून नाटक होतं, ती इमारत कितीही जुनी असली तरी आधी नाट्यगृह आहे, हा युक्तिवाद ठामपणे मांडा.

आणि मागणी अशी करा की मूळ बांधकामाला धक्का लागणार नाही. जुन्या वास्तूंची काळजी घेणारे लोक भर उलटवता येण्यावर देतात. उद्या काढून टाकलं तर खाली मूळ वस्तू जशीच्या तशी मिळाली पाहिजे. खिळा न ठोकता पायरीवर बसणारा लाकडी रॅम्प, पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, जिन्याच्या दुसऱ्या बाजूला स्वतंत्र उभा केलेला कठडा, रांगेतल्या दोन-तीन खुर्च्या सोडवून बाजूला घेता येतील अशी बैठक, स्वच्छतागृहातल्या दोरीची उकल. यातल्या एकाही गोष्टीने गिलाव्याचं एक फूलही दुखावत नाही.

पत्र नेमकं लिहा. 'गैरसोय झाली' असं लिहिलं की 'दिलगीर आहोत' असं उत्तर येतं. 'उजव्या दारातून आत आल्यावर गालिच्याखाली चार सेंटिमीटरचा उंबरठा आहे, पुढची चाकं तिथे अडतात, सोबत फोटो जोडला आहे' असं लिहिलं की सुताराला बोलावता येतं. जे नीट होतं तेही लिहा: कुठली जागा चांगली, लूप कुठे स्पष्ट, कुणी वेळेवर दार उघडलं. मग तेच पत्र, नाट्यगृहाचं नाव आणि आपल्या व्हीलचेअरची मापं वर घालून, अशा वाटेने पुढे जाणाऱ्या ओळखीच्या प्रेक्षकांनाही पाठवा.